उष्णतेवरून खरेखोटे



मराठेशाहीत वतनाचा तंटा साक्षीपुराव्याने मिटेना, की दिव्य करण्याची पाळी येई. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा बाहेर काढायचा, हात पिशवीत बांधून वर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी उघडून पाहायचे. फोड नाही तर माणूस खरा. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांच्या 1953 च्या ग्रंथात मराठ्यांच्या न्यायपद्धतीची ही सारी हकीकत आहे. हेच गुणे पुढे गोव्याच्या पुराभिलेख खात्याचे संचालक झाले. तुमच्यापैकी काहींनी त्यांना पाहिलेही असेल.

आज ज्या यंत्राविषयी बोलणार आहे, तेही उष्णतेवरूनच निवाडा करू पाहते. शरीरातून निघणारी अवरक्त किरणे टिपणारा तो कॅमेरा. 2020 साली पत्रादेवीच्या नाक्यावर कपाळासमोर धरली जाणारी तापमापक बंदूक आठवा. हा तिचाच थोरला भाऊ. माणूस दचकला की डोळ्यांभोवतीचा रक्तप्रवाह वाढतो आणि तेवढा भाग किंचित तापतो. पाव्हलिडिस, एबरहार्ट आणि लेव्हाइन या तिघांनी जानेवारी 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये सांगितले की, यावरून खोटे पकडता येईल. त्यांच्या प्रयोगात 20 जण होते. 8 जणांना एका पुतळ्याला भोसकून त्याचे 20 डॉलर चोरायला लावले, 12 जण निर्दोष. मग सर्वांनीच ‘मी नाही’ म्हणायचे. कॅमेऱ्याने 8 पैकी 6 आणि 12 पैकी 11 बरोबर ओळखले.

आकडे ऐकायला बरे वाटतात. पण यंत्राने मोजले काय? भीती. खोटे नव्हे.

माझ्या दवाखान्यात हे रोजचेच. सासऱ्यांसमोर सुनेला ‘मिश्री लावतेस का?’ एवढे विचारले तरी तिचे कान तापतात, आणि तिने जन्मात मिश्रीला बोट लावलेले नसते. उलट रोज संध्याकाळी फेणी घेणारे गृहस्थ ‘सणावारी थोडीशी, डॉक्टर’ म्हणतात तेव्हा चेहऱ्यावर कसे पाणी शांत! आमच्या तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रत टिकावे म्हणून क्रोध, लोभ, भय आणि थट्टा सोडायला सांगितले आहे, आणि विचारपूर्वक बोलायला. म्हणजे माणूस लोभाने खोटे बोलतो, हसत-हसतही बोलतो. त्या खोट्याला ताप कशाला चढेल?

विमानतळावरही हा कॅमेरा वापरून पाहिला गेला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 51 प्रवासी होते. खरे बोलणाऱ्यांपैकी 64 टक्के तेवढे यंत्राने खरे ठरवले. नुसते ऐकून-पाहून निर्णय देणाऱ्या मुलाखतकारांनी 72 टक्के. खोटे बोलणाऱ्यांतही माणसेच सरस ठरली. आता हेच प्रमाण आपल्या पेडणे तालुक्यातल्या मोपाला लावा. हजार सरळ प्रवासी उतरले, तर 360 जणांना बाजूला घ्यावे लागेल. त्यात पहिल्यांदाच विमानात बसलेली एखादी डिचोलीची आजी असेल, आणि तिचा चेहरा तापलेला असणारच.

आपल्या देशात मेंदूतल्या विद्युत्-लहरींवरून आरोपीला घटनेची आठवण आहे की नाही, हे सांगणारी चाचणी निघाली. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात शिक्षा देताना इतर पुराव्यांबरोबर तिचा अहवालही धरला. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवले की नार्को, पॉलिग्राफ आणि ही मेंदूची चाचणी, यांपैकी काहीही माणसाच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. घटनेचे कलम 20(3) त्याला आडवे येते. पॉलिग्राफसाठी संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील मिळण्याची सोय हवी. तुमच्या घरातल्या कोणाला पोलीस ठाण्यात ‘साधी चाचणी आहे, सही करा’ असे म्हटले, तर एवढे लक्षात असू द्या.

मला काळजी वाटते ती वेगळीच. पॉलिग्राफला छातीवर पट्टा, बोटांना तारा लागतात. चाचणी चालू आहे हे बसणाऱ्याला कळते. तेलाच्या कढईसमोर उभ्या राहिलेल्यालाही कळत होते. हा कॅमेरा स्पर्श करीत नाही. तो भिंतीवर असेल, आणि संमती विचारायलाही कोणी समोर नसेल.