दोन राज्यांची एक शाळा



अमेरिकेत ज्यास ‘शालेय जिल्हा’ म्हणतात, तो महसुली जिल्हा नव्हे. शाळा चालविणे, त्यांच्यासाठी पैसा उभा करणे आणि त्याचा हिशेब मतदारांपुढे ठेवणे, एवढ्याच कामासाठी असलेली ती स्थानिक संस्था होय. ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात पूर्वापार गावोगावचा कारभार वेगळा. त्यामुळे शाळाही वेगळ्या. प्राथमिक शाळा लहान गावास झेपते. परंतु मूठभर मुलांसाठी प्रयोगशाळा आणि विषयवार शिक्षक ठेवणे कोणास परवडणार? यातूनच अनेक गावांनी मिळून एक शालेय जिल्हा स्थापण्याची पद्धत रूढ झाली. मेन राज्याने १९५७ साली सिंक्लेअर कायद्याने अशा एकत्रीकरणास उत्तेजन दिले.

न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर आणि व्हरमाँटमधील नॉर्विच या गावांचा प्रश्न अधिक बिकट होता. दोहोंमध्ये केवळ कनेटिकट नदी. पण तीच राज्यांची सीमा. दोन राज्यांतील असा करार पक्का होण्यास दोन्ही विधिमंडळांबरोबर संघीय काँग्रेसचीही संमती घ्यावी लागली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १३ नोव्हेंबर १९६३ रोजी त्या विधेयकावर स्वाक्षरी केली. पुढे नवव्या दिवशी त्यांची हत्या झाली. देशातील या पहिल्या आंतरराज्य शालेय जिल्ह्यास ‘ड्रेस्डेन’ हे नाव मिळाले. १७७८ साली हॅनोव्हरमधील महाविद्यालयाच्या परिसराने हेच नाव घेऊन काही काळ व्हरमाँटशी संसार थाटला होता!

या योजनेतील शहाणपणाचा भाग असा की, सर्वच शाळा एकत्र केल्या गेल्या नाहीत. लहान मुलांची शाळा ज्या त्या गावाकडेच राहिली. वरच्या वर्गांची तेवढी सामाईक झाली. चालू खर्चाची वाटणी मुख्यत्वे प्रत्येक गावच्या विद्यार्थिसंख्येवरून होते. हे न्याय्य खरे, तथापि त्यात एक मेख आहे. एका गावची मुले घटली की, अंदाजपत्रकात एका डॉलरचीही वाढ न होता दुसऱ्या गावावरील भार वाढतो. शिवाय पैसा उभारण्याची रीत दोहोंकडे भिन्न. न्यू हॅम्पशायरमध्ये बव्हंशी स्थानिक मालमत्ता कर. व्हरमाँटमध्ये १९९७ च्या कायद्यापासून राज्यव्यापी शिक्षण निधी. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या पालकांना त्याच शाळेसाठी दोन निराळ्या हिशेबांनी कर भरावा लागतो.

पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच नदीकाठी ‘रिव्हेंडेल’ हा चार गावांचा जिल्हा आकारास आला. न्यू हॅम्पशायरचे ऑरफर्ड, आणि व्हरमाँटची फेअरली, वेस्ट फेअरली व व्हर्शायर. येथे प्राथमिक शाळाही सामाईक झाल्या. माध्यमिक शाळा ऑरफर्डला, प्राथमिक शाळा फेअरली व वेस्ट फेअरली येथे. व्हर्शायरच्या वाट्यास मात्र शाळेची इमारत आली नाही. आला तो खर्चाचा हिस्सा, मंडळावरील प्रतिनिधित्व आणि सकाळची बस.