एहिपस्सिको : काम दाखवा आणि काम मिळवा
(मुरुड येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आज मी तुमच्या मुलामुलींच्या भाकरीविषयी बोलणार आहे. मुलगा पदवीधर झाला की आपण त्याला दोनच वाटा दाखवितो : सरकारी नोकरीची परीक्षा, नाही तर पुण्याची गाडी. पहिल्या वाटेवर जागा थोड्या आहेत आणि दुसरीवर बहुधा हमाली आहे. म्हणून मी आज एका तिसऱ्या वाटेची ओळख करून देतो. तिला इंग्रजीत यूझर एक्स्पिरियन्स डिझाइन म्हणतात. म्हणजे एखादी सोय वापरणाऱ्या माणसाला ती कशी वापरता येते, हे पाहून तिची रचना करणे.

नाव नवे असले तरी त्यामागील प्रश्न आपल्याला चांगला परिचित आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. तरीही 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत ते पाणी आपल्या ओठांना लागले नव्हते. कागदावर उघडे असणे निराळे आणि प्रत्यक्ष वापरता येणे निराळे, हा धडा आपण तेथे शिकलो. महाडला वाट जातीने अडविली होती. ती मोडावयास सत्याग्रहच हवा होता. परंतु आज आपले पुष्कळसे हक्क मोबाइलच्या पडद्यावरून येतात, आणि तेथे आणखी एक अडथळा उभा राहतो. शिष्यवृत्तीचा हक्क आहे, पण अर्जातील भाषा कळत नाही, आणि चूक कोठे झाली हे पडदा सांगत नाही. अशा वेळी मुलगा स्वतःला अडाणी समजतो. वस्तुतः दोष त्याचा नसून रचनेचा असतो. तो दोष शोधून दूर करणे हाच हा व्यवसाय होय.

आता तो शिकावयाचा कसा? आरंभास भारी यंत्र लागत नाही. वही, पेन्सिल आणि डोळे पुरेत. मुरुडच्या बसस्थानकावर जा. बार्शीची गाडी केव्हा, हे प्रवासी कोणाला विचारतो आणि फलक पाहून त्याचा गोंधळ कोठे होतो, ते लिहून घ्या. आपल्या आईला मोबाइलवरून विजेचे बिल भरावयास सांगा, आणि मध्ये न बोलता तिचे बोट कोठे थांबते ते पाहा. मग कागदावर निराळी रचना काढा व ती पाच माणसांकडून वापरून घ्या. एवढ्या चाचणीत बहुतेक मोठे दोष उघडे पडतात, असे या विषयातील जाणकार जेकब निल्सन यांनी 2000 साली मांडले आहे. दोष दिसले की रचना बदला आणि पुन्हा तपासा. नंतर फिग्मासारख्या साधनावर तीच रचना स्वच्छ उतरवा. ते शिकाऊ माणसाला विनामूल्य वापरता येते.

अशी तीन कामे नीट मांडली की त्यांचा संग्रह होतो. त्यालाच पोर्टफोलिओ म्हणतात. त्यात केवळ सुंदर चित्रे नकोत. अडचण कोणाची होती, तुम्ही काय पाहिले, पहिली रचना का फसली, नंतर काय बदलले, हे साध्या शब्दांत क्रमाने लिहा. फसलेला प्रयत्न लपवू नका. काम देणारा तुमचा विचार पाहतो. मात्र कोणाचा आधार क्रमांक किंवा छायाचित्र त्याच्या संमतीवाचून छापू नका.

धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ हा शब्द म्हणतो. त्याचा अर्थ, या आणि स्वतः पाहा. पोर्टफोलिओ म्हणजे तेच आवाहन होय. ज्याच्या पाठीशी वशिला नाही, त्याने आपले काम पुढे ठेवून म्हणावे : या आणि पाहा.

मी तुम्हांला खोटी आशा दाखविणार नाही. खाजगी नोकरीत आरक्षण नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी कंपन्यांकडे पाठवून पाहिले. दलित आडनावाला बोलावणे कमी आले. हे संशोधन 2007 साली प्रसिद्ध झाले. पोर्टफोलिओने जातिभेद मरत नाही. परंतु काम डोळ्यांसमोर असले म्हणजे ‘पात्रता नाही’ ही सबब सांगणे अवघड होते. त्यासाठी आडनाव लपविण्याची गरज नाही.

शिक्षणाचीही सोय आहे. मुंबईच्या आयआयटीत 1969 पासून आयडीसी ही डिझाइनची संस्था आहे. बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला यूसीड आणि पदवीधराला सीड ही परीक्षा देता येते. तेथे अनुसूचित जातींना राखीव जागा आहेत, आणि 1990 च्या कायद्याने त्या जातींतून आलेल्या बौद्धांनाही तो हक्क मिळाला आहे. केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवा.

प्रथम काम लहान घ्या. गावातील दवाखान्याचे, दुकानाचे किंवा बचत गटाचे काम करा. मोबदला थोडा असला तरी ठरवून घ्या. मग पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर येथील कंपन्यांना संग्रह पाठवा, आणि प्रत्येकीला तिच्या कामाशी जुळणारे उदाहरण आधी दाखवा. नोकरी देतो म्हणून जो पैसे मागतो, त्याच्या दारी जाऊ नका. आता यंत्रेही पडदे रेखाटू लागली आहेत. परंतु बाजारात भाजी विकणाऱ्या आजीचे कोठे अडते, हे तिच्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. तुम्ही तिच्याच घरातले आहात. हे ज्ञान तुमचे भांडवल आहे.

शेवटी आईबापांना माझी विनंती आहे. मुलगी वहीत चौकोन आखीत बसली तर ‘चित्रे काढून पोट भरते काय?’ असे म्हणू नका. तिला एक वर्ष द्या, आणि तिची पहिली परीक्षक तुम्ही व्हा. तुम्हांला जे वापरता येईल, ते पुष्कळांना वापरता येईल.

जय भीम!