सायडिंग म्हणजे अडगळ नव्हे

(के. आर. पुरम, बंगळूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी सभासदांपुढे केलेले भाषण)



इथल्या शेडमध्ये आपले सभासद रोज इंजिने दुरुस्त करून रुळावर घालतात. इंजिनांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज सायडिंगबद्दल बोलणार आहोत. मेल गाडी गेली की सगळे बघतात; बाजूला उभ्या असलेल्या वाघिणींकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

टपालातल्या जुन्या साथींना मात्र सायडिंग आठवत असेल. आर.एम.एस.चा डबा तिथे उभा असायचा आणि शंटिंगचा धक्का बसला की आतला माणूस थैल्यांवर कोसळायचा. इंजिन आमच्या हातात, धक्का तुमच्या अंगाला! तेव्हा हा प्रश्न आपल्या दोघांचा आहे.

खंडाळ्याच्या आणि कसाऱ्याच्या घाटात 37 फुटांना 1 फूट असा उतार आहे. तिथे कॅच सायडिंग ठेवली आहे. तिचे सांधे एरवी सायडिंगकडेच लावलेले असतात. उतरणारी गाडी आधी थांबून आपला ब्रेक शाबूत असल्याचे दाखवते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक गेलेली गाडी सायडिंगमध्ये शिरते आणि खालचे स्टेशन वाचते. स्लिप सायडिंगचे काम उलटे. स्टेशनातून सुटलेल्या वाघिणींना ती पुढच्या मार्गावर जाऊ देत नाही. बंगळूर सुमारे 900 मीटर उंचीवर आहे आणि चेन्नईकडचा मार्ग खाली उतरत जातो. सुटलेली वाघीण कुठवर जाईल, याचा विचार इथल्या माणसाला करावाच लागतो.

25 फेब्रुवारी 2024 रोजी जम्मूतील कठुआ येथे उभी असलेली 53 वाघिणींची मालगाडी ड्रायव्हरविना सुटली आणि सुमारे 70 किलोमीटर धावून पंजाबात थांबली. नशिबाने कोणी दगावले नाही. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली.

कॅनडातील लाक-मेगांटिक गावाचे नशीब तसे नव्हते. 6 जुलै 2013 रोजी खनिज तेलाची गाडी उतारावरून सुटली आणि 47 माणसे गेली. त्या गाडीवर एकच कामगार होता. त्याने लावलेले हँडब्रेक अपुरे पडले. गाडी उभी होती मुख्य मार्गावर. शेजारच्या सायडिंगमध्ये सुटलेली गाडी रुळावरून उतरवणारी सोय होती, पण तिथे रिकाम्या वाघिणी भरून ठेवल्या होत्या! खटला कामगारांवर चालला. 2018 मध्ये पंचांनी तिघांना निर्दोष सोडले, पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

इंजिन बंद पडले की हवेचा दाब हळूहळू गळतो. त्या ब्रेकवर रात्रभर भरवसा ठेवता येत नाही. हँडब्रेक, साखळी-कुलूप आणि चाकाखालचे लाकडी गुटके, हेच खरे राखणदार. ते लावायला हात लागतात आणि वेळ लागतो. पावसात, अंधारात, खडीवरून वाघीण ते वाघीण चालत जावे लागते. माणसे कमी केली की हेच काम आधी मरते.

आता थोडे आपल्याविषयी. घाई आहे म्हणून गाडी न बांधता वहीत "सुरक्षित केली" असे लिहून सही ठोकणारे आपल्यातही आहेत. आम्हीही उमेदवारीत ते पाहिले आणि गप्प बसलो. ही चूक आम्ही कबूल करतो. चौकशीत ती सही आपल्याच गळ्याचा फास होते.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. शंटिंगला पुरेशी माणसे द्या. सायडिंगमध्ये दिवे आणि चालायला नीट वाट द्या. साखळ्या आणि गुटके चालू स्थितीत पुरवा. आणि आपल्या सभासदांनी एक शपथ घ्यावी: गाडी स्वतः बांधल्याशिवाय सही करणार नाही. त्यासाठी गाडीला उशीर झाला आणि वरून जाब आला, तर युनियन त्या माणसाच्या पाठीशी उभी राहील. हे आम्ही सर्वांसमोर सांगत आहोत, लक्षात ठेवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!