मे महिन्यातलं पाणी धरून

आज अभियंत्याची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यांत आपल्या पैनगंगेचंही नाव आहे. पैनगंगा–वर्धा हा जलमार्ग क्रमांक ७८. तो आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडजवळून जात नाही, पार खालच्या अंगाला आहे. तरीही उद्या तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर नदीबंदराचा आराखडा येईल, आणि त्यात हायड्रोजनचं पान असेल, असं मी धरून चाललो आहे. कारण गंगेवर हायड्रोजनची बोट आली आहे. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, हायड्रोजनवर चालणाऱ्या पन्नास आसनांच्या बोटीचं २८ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झालं आणि ती वाराणसीला गेली. तिचा फ्युएल सेल पुण्याच्या केपीआयटी कंपनीचा आहे.

बोट एक झाली. बंदरावर तिला इंधन पुरवायचं, हे काम निराळं आणि फार मोठं. रोज एक टन हायड्रोजन लागतो असं समजा. रसायनशास्त्राप्रमाणे किलोला नऊ लिटर पाणी. शुद्धीकरणात वाया जाणारं आणि थंडाव्यासाठी लागणारं धरलं तर वीस लिटर किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे दिवसाला दहा हजार लिटरचे दोन टँकर. विजेचा हिशेब याहून कडक आहे. किलोला पन्नास ते पंचावन्न युनिट म्हणजे रोज पन्नास हजारांवर युनिट. सौर ऊर्जेवर हे करायचं तर बारा मेगावॅटच्या आसपास पॅनेल आणि त्यासाठी पन्नासेक एकर जमीन. ती जमीन कुणाच्या तरी सोयाबीनची, तुरीची असते.

यातलं पाणी थोडं वाटेल. देशाच्या किंवा राज्याच्या पातळीवर ते थोडंच आहे. पण वाशिमच्या मुलांना मी सांगायला नको की जुलैतले दोन टँकर आणि मे महिन्यातले दोन टँकर सारखे नसतात. म्हणून माझा आग्रह आहे: नदीवरचा कोणताही आराखडा मे महिन्याच्या प्रवाहावर मांडा. वर्षाच्या सरासरीवर मांडलेला आराखडा पैनगंगेला लागू पडत नाही. बॅरेजमध्ये अडवलेलं पाणी आधी गावाच्या नळाचं, मग पिकाचं, मग कारखान्याचं. हा क्रम पहिल्याच पानावर लिहा. ज्या मुलांनी आईला हंडे मोजून पाणी वापरताना पाहिलं आहे, त्यांच्याकडे हा क्रम शिकवण्याचा अधिकार आहे असं मी मनापासून मानतो.

दुसरी गोष्ट जिवाची. हायड्रोजन हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही पेट घेतो, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि काही पोलादांना तो ठिसूळ करतो. टाकी धक्क्यापासून, वस्तीपासून किती दूर, वारा कोणत्या दिशेचा, छताखाली वायू साचेल का, हे प्रश्न कंत्राट निघाल्यावर विचारून उपयोग नाही. हमालाला आणि नावाड्यालाही त्याच बैठकीत बसवा.

आणि जिथे बॅटरीने भागतं तिथे हायड्रोजन घालू नका. पंचावन्न युनिट वीज घालून केलेल्या एका किलोतून बोटीला फार तर सोळा-सतरा युनिट परत मिळतात. नदी ओलांडणाऱ्या छोट्या नावेला तो व्यवहार परवडणार नाही. दिवसभर अवजड माल ओढणाऱ्या जहाजाला कदाचित परवडेल. र्‍हाइनच्या मुखाशी असलेल्या रॉटरडॅमहून बेल्जियममध्ये कंटेनर नेणारी एक बार्ज हायड्रोजनवर चालवली गेली आहे. तिच्या रिकाम्या टाक्या बंदरात उतरवून भरलेल्या चढवायच्या, अशी तिची रचना आहे. म्हणजे हायड्रोजन बंदरातच तयार करावा लागतो असं नाही. पाणी, ऊन आणि मोकळी जागा जिथे आहे तिथे तो करावा आणि टाकीतून आणावा. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरून तो आणता येईल का, किती अंतरापर्यंत परवडेल, हा तुमच्यासाठी खुला अभ्यास आहे. राज्याचं हरित हायड्रोजन धोरण २०२३ चं आहे. त्यात काम करायला जागा भरपूर आहे.

तुमच्यातला कुणी वर्धा-पैनगंगेच्या संगमाजवळ मोजमाप करायला गेलाच, तर एप्रिलच्या शेवटी जा. पात्रात उतरून खोली मोजा, काठच्या लोकांकडून गेल्या दहा उन्हाळ्यांचं विचारून घ्या, आणि मग पहिली रेघ ओढा.