पटकीचे विष



आपल्या कितीतरी गावांच्या वेशीवर मरीआईचे देऊळ असते. पटकीची साथ आली की लोक तिलाच साकडे घालत. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जुलाबांनी दगावे, आणि का ते कोणालाच उमगत नसे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. तो विष सोडत असावा, हा त्यांचाच तर्क. ते विष हाती यायला पाऊणशे वर्षे लागली. कलकत्त्याचेच डॉ. शंभुनाथ डे यांनी ते थेट आतड्यात शोधले. जिवंत सशाच्या लहान आतड्याचा एक भाग त्यांनी दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टम्म फुगला होता. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून टाकून उरलेला द्रव तेवढा टोचला. आतडे तरीही फुगले! साधने तुटपुंजी, पण प्रश्न किती नेमका. आपल्या देशात झालेल्या उत्तम प्रयोगांत मी याला फार वरचे स्थान देतो. तरीही डे हयात असताना देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही. हा अन्यायच होता.

हे विष आतड्याच्या पेशीत शिरून तिथल्या एका प्रथिनाचा खटका चालूच ठेवते. मग सायक्लिक एएमपी हा रेणू साचतो, क्लोराइड बाहेर पडत राहते आणि त्यामागून सोडियम व पाणी. पण पेशी मरत नाही. साखर आणि सोडियम जोडीने आत घेण्याची तिची वाट शाबूत असते. म्हणून नुसते मिठाचे पाणी वाहून जाते. त्यात साखर घातली की ते अंगी लागते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजायला लावले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

तेव्हा घरात कोणाला जुलाब लागले तर जलसंजीवनीचे पाकीट आणा. ते नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त होऊ देऊ नका. घोट घोट पाजत राहा, आणि रोग्याला दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.