घाटमाथ्याची ओल आणि डिह्युमिडिफायरची निगा

डिह्युमिडिफायर हे हवेतले बाष्प गार नळ्यांवर धरून त्याचे पाणी करणारे आणि कोरडी झालेली हवा पुन्हा खोलीत सोडणारे यंत्र आहे. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, यांच्या पश्चिमेला सह्याद्रीचा माथा. नैर्ऋत्येकडून येणारे ढग जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे अडतात. भाटघर, नीरा-देवघर आणि गुंजवणी ही धरणे त्याच पावसावर भरतात. त्याच दिवसांत घरातल्या गोधड्यांना कुबट वास येतो, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते, भिंतीचा गिलावा फुगतो. जुन्या घरात दिवसभर पेटती चूल आणि तिचा माळ्यापर्यंत जाणारा धूर ओल मारत असे. गॅस आला, स्लॅब पडला आणि ती ऊब गेली. त्यामुळे या भागातल्या पक्क्या घरांत हे यंत्र चैनीचे नाही, गरजेचे होऊ लागले आहे.

यंत्राआधी खोलीकडे पाहावे लागते. बारा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत 22 अंश तापमानाला आर्द्रता 90 टक्क्यांवरून 55 टक्क्यांवर आणायची, तर खोलीतल्या हवेतून जेमतेम पाव लिटर पाणी निघते. तरीही टाकी दिवसाला काही लिटर भरते. हे जादा पाणी भिंती, गाद्या आणि दोरीवरचे ओले कपडे यांतून येते, आणि खिडकीच्या फटीतून सतत शिरणाऱ्या बाहेरच्या हवेतून येते. फटी न बुजवता, दार उघडे टाकून यंत्र चालवणे म्हणजे विजेचे बिल वाढवणे. आर्द्रता 50 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान राहिली की पुरे. त्याखाली जाण्याचा अट्टहास नको.

खरेदीच्या वेळी खोक्यावर दिसणारी रोजची लिटरची क्षमता बहुधा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. घाटमाथ्यावर आषाढात हवा त्याहून बरीच गार असते, म्हणून पाणी कमी निघते. तो यंत्रातला दोष नव्हे.

निगेत पहिला मान जाळीचा, म्हणजे फिल्टरचा. जाळी काढून उजेडासमोर धरली की गोधडीतला कापूस, केस आणि धूळ यांचा करडा पापुद्रा दिसतो. हवा अडली की नळ्या गरजेपेक्षा गार पडतात, त्यांवर बर्फ धरू शकतो आणि पाणी निघणे थांबते. पावसाळ्यात साधारण दर पंधरवड्याला जाळी कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी आणि पंख्याखाली पूर्ण वाळवूनच बसवावी. जाळीविना यंत्र चालवू नये. नळ्यांवर बर्फ दिसला तर सुरीने खरवडू नये. यंत्र बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. नळ्यांवरच्या पातळ पात्यांवर धूळ असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेनेच झाडावी. आडवा हात मारला की पाती वाकतात.

टाकीत पाणी साचून राहिले की तळाशी बुळबुळीत थर येतो आणि ज्या वासासाठी यंत्र आणले तोच वास घरात फिरतो. टाकी रोज रिकामी करावी, आठवड्याला साबणाने घासावी. आतला फ्लोट मोकळा हलतो की नाही तेही तेव्हाच पाहावे. तो खाली अडकला तर टाकी भरूनही यंत्र थांबत नाही, वर अडकला तर रिकामी टाकीही भरलेली दाखवते. नळी लावून पाणी बाहेर सोडायचे असेल, तर नळीला सलग उतार हवा, मध्ये झोळ नको, आणि जिथून ती बाहेर जाते ती फट चिंधीने बुजवावी. हे पाणी धूळ आणि धातूच्या संपर्कातले असते. ते पिऊ नये, इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये. फरशी पुसायला चालते.

वादळी पावसात वीज जाते-येते. वीज आल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू न करता तीन-चार मिनिटे थांबावे. दाब कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा. काही नव्या यंत्रांत प्रोपेन वायू असतो, म्हणून यंत्र शेगडीपासून आणि समईपासून लांब, भिंतीपासून वीतभर मोकळे ठेवावे. पंखा फिरतो, खोली दमट आहे, जाळी स्वच्छ आहे आणि तरी नळ्या गार पडत नाहीत, तर वायू गळाल्याची शक्यता असते. ते काम कारागिराचेच. यंत्र घरी उघडू नये.

पाऊस सरला की टाकी आणि जाळी धुऊन वाळवावी, काही तास नुसता पंखा चालवून आतली ओल काढावी आणि यंत्र झाकून उभेच ठेवावे. ने-आण करताना आडवे झाले असेल तर काही तास उभे ठेवल्यावरच सुरू करावे, कारण कॉम्प्रेसरचे तेल जागेवर यावे लागते. मृग लागण्याआधी यंत्र एकदा चालवून पाहावे. बिघाड निघालाच, तर मे महिन्यात कारागीर सहज मिळतो. झड लागल्यावर डोंगरातल्या गावी त्याला बोलावणे अवघड.