दीर्घज्वर : निदान आणि निवेदन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते शब्द पारखून वापरण्याविषयी आग्रही होते. भाषेच्या अध्यापकाने आज तापासारखा वैद्यकातला विषय का घ्यावा, याचे उत्तर त्या आग्रहातच आहे. रोगाचे निदान पुष्कळदा रोग्याच्या निवेदनापासून सुरू होते आणि निवेदन ही भाषेची गोष्ट आहे.

तापाच्या बाबतीत मराठी समृद्ध आहे. कणकण वेगळी, कसर वेगळी. बारीक ताप, हिवताप, मुदतीचा ताप, हाडी मुरलेला ताप ही नावेही निरीक्षणातून आलेली आहेत. ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात पंचनिदानानंतरचे पहिलेच प्रकरण ज्वराचे आहे.

आधुनिक वैद्यकात पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी १९६१ साली अज्ञात कारणाच्या दीर्घज्वराची व्याख्या केली. तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला, वारंवार १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जाणारा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न सापडलेला तो दीर्घज्वर. पुढे १९९१ मध्ये तपासणीची ही मुदत कमी करण्यात आली. कारणांचे मुख्य वर्ग तीन : जंतुसंसर्ग; लसिकाग्रंथींचा किंवा रक्ताचा कर्करोग; आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारे संधिवातासारखे विकार. क्वचित चालू असलेले औषधच तापाचे मूळ ठरते. आपल्या देशात अशा वेळी पहिली शंका क्षयाची घ्यावी लागते. खोकला नाही म्हणून क्षय नाही, असे समजू नये. तो गाठींत, मणक्यात, यकृतातही दडून बसतो. काही तापांचे कारण अखेरपर्यंत कळत नाही. त्यांतले बरेच रुग्ण आपोआप बरे होतात, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या भागाशी निगडित असे एक उदाहरण घेऊ. माल्टा बेटावरील सैनिकांना महिनोन्‌महिने ताप येई. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कोठून, हे कळायला १९०५ साल उजाडले. झामिट यांना तो शेळ्यांत सापडला. सैनिकांचे शेळीचे दूध बंद होताच साथ ओसरली. हाच ब्रुसेलोसिस. आपल्या शेजारच्या विजापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी सोळा वर्षांत असे सुमारे ५०० प्रौढ रुग्ण शोधून त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. निपाणी-चिकोडीकडे तर घरोघरी दुभती जनावरे आहेत.

या रोगात ताप चढतो, उतरतो; घाम सुटतो, सांधे व कंबर धरते. क्षय किंवा मुदतीचा ताप समजून उपचार होण्याचा संभव असतो. खास रक्ततपासणी केली तरच तो ओळखता येतो आणि शंका आली तरच ती तपासणी होते. ती शंका दोन प्रश्नांनी येते : निरसे दूध पिण्यात आले का? गोठ्यातल्या गाई-म्हशीने गाभ टाकला होता का? ‘निरसे’ आणि ‘गाभ टाकणे’ हे शब्द वैद्यकाच्या इंग्रजी पुस्तकांत नाहीत. ते आपल्या आईच्या आणि गवळ्याच्या तोंडी आहेत. निदान झाले, तर दोन प्रतिजैविके किमान सहा आठवडे घेऊन रोगी बहुधा बरा होतो.

सीमाभागात रोगी मराठी बोलतो, डॉक्टर कदाचित कन्नड, आणि कागद इंग्रजीत असतो. उलटही घडते. या प्रवासात नेमका तोच शब्द गळून पडतो, ज्यावर निदान अवलंबून असते. ‘ज्वर’ हा शब्द दोन्ही भाषांचा आहे. त्याभोवतीचे तपशीलही दोन्हीकडे पोचले पाहिजेत. दोन्ही भाषा जाणणाऱ्या या शाळेच्या मुलांनी रोग्यासोबत दवाखान्यात जावे, हे मी भाषाशिक्षणाचे मोठे फळ मानीन.

घरच्यांसाठी एवढेच : तापमापकाने सकाळ-संध्याकाळ ताप मोजून तारखेसह लिहून ठेवा. घेतलेली औषधे, जनावरांचा संबंध, प्रवास, घटलेले वजन, घरातील जुना क्षय, काही लपवू नका. आपल्या मनाने प्रतिजैविके किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने घेऊ नका. त्यांनी ताप झाकला जातो, रोग वाढत राहतो.

नीट विचारणे आणि नीट सांगणे ही दोन कामे शाळा शिकवू शकते. गुरुजींनी जन्मभर तेच शिकवले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.